वाचक विचारतात : पत्रा, गेट, तार आणि त्यावरचं जस्त

मागच्या अंकात लोखंडी दारं-खिडक्यांच्या रंगावर दोन-तीन उत्तरं छापली होती, त्यानंतर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून बरेच प्रश्न आले आणि त्यातले पुष्कळसे जीआय पत्रा, जीआय पाइप, जीआय तार यांचेच होते. जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न, जस्ताचा थर चढवलेलं लोखंड. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : राम राम भाऊ. आमच्या घरावर आजोबांच्या वेळचा पत्रा आहे तो अजून धड आहे. आणि मी गोठ्यावर टाकलेला नवा जीआय पत्रा तीन पावसाळ्यात खालच्या अंगाने लाल झाला, एकदोन ठिकाणी भोकं पण पडली. दुकानदार म्हणतो माल चांगल्या गेजचा होता. मग असं का झालं? — एक शेतकरी, पारोळा तालुका

उत्तर : भाऊ, दुकानदार गेजबद्दल खरं बोलत असेल, पण गेज म्हणजे पत्रा किती जाड ते. त्याच्यावर जस्त किती चढवलंय हे गेजवरून कळतच नाही, त्याचं माप वेगळं, जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम जस्त आहे ते. बाजारात १२० जीएसएमचा पत्रा मिळतो आणि २७५ चा पण मिळतो, दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. पण १२० मध्ये एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जस्त बसतं आणि २७५ मध्ये १९ च्या आसपास. आपल्याकडच्या कोरड्या, समुद्रापासून लांबच्या मोकळ्या हवेत जस्त वर्षाला साधारण एक मायक्रॉनच्या आतच झिजतं, त्यामुळे आठवाल्याचं आणि एकोणीसवाल्याचं आयुष्य किती वेगळं होणार ते तुम्हीच बघा. जस्ताच्या बाबतीत हिशोब सरळ आहे, थर दुप्पट तर वर्षं जवळजवळ दुप्पट. आजोबांच्या पत्र्यावर थर किती होता ते मी इथून सांगू शकत नाही, पण तो घरावर आहे आणि तुमचा नवा गोठ्यावर, हा फरक थराइतकाच मोठा आहे.

गोठ्यात काय होतं, गोमूत्रातून आणि शेणातून अमोनिया सुटतो, तो वर जाऊन पत्र्याला लागतो, थंडीच्या रात्री पत्र्याच्या खालच्या अंगाला दव धरतं आणि त्या पाण्यात तो अमोनिया मुरतो. जस्तावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हळूहळू एक घट्ट राखाडी पापुद्रा बनत असतो, तोच खरं तर जस्ताला सांभाळतो, आणि अमोनिया त्यालाच विरघळवतो. वरच्या बाजूला पाऊस पडतो, सगळं धुवून जातं, ऊन पडलं की सुकतं. खालच्या बाजूला पाऊस पोचत नाही. म्हणून गोठ्याचा पत्रा नेहमी खालून जातो. नवापूरकडे पोल्ट्रीची शेड आहेत तिथेही हाच त्रास.

आता करायचं काय. आढ्याला हवा जायला मोकळी फट ठेवा, शेड शक्य तितकं उंच घ्या, बाजू बंद करू नका. पत्रा बदलणारच असाल तर २७५ जीएसएम मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या, हे लिहून घेणं फार गरजेचं आहे, तोंडी कोणी काहीही सांगतं. बसवायच्या आधी खालच्या अंगाला एच प्रायमर (इंग्रजीत etch, रंग जस्ताला धरावा म्हणून आधी मारायचा हात) आणि त्यावर इपॉक्सी रंग मारला तर अजून बरं. जस्त-ॲल्युमिनियमचा गॅल्व्हल्यूम पत्रा घरासाठी, गोडाऊनसाठी उत्तम आहे पण जनावरांच्या बंद शेडला तो घेऊ नका, ॲल्युमिनियमलाही ते वातावरण मानवत नाही आणि कंपन्या सहसा अशा जागेसाठी गॅरंटी देत नाहीत. आणि एक, यूरिया, डीएपी, पोटॅशच्या गोण्या पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. खत ओल ओढून घेतं आणि त्या ओल्या खताला टेकलेलं जस्त बघता बघता जातं.

प्रश्न : माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रील, शेडचे अँगल बनवतो, रेड ऑक्साइड मारून ऑइल पेंट देतो. आता गिऱ्हाईक म्हणतं की गेट गॅल्व्हनाइज करून द्या. ते टाकीत बुडवून करतात एवढं माहीत आहे. गेट बनवतानाच काही काळजी घ्यावी लागते का? — एक वाचक, जळगाव

उत्तर : हा प्रश्न तुम्ही गेट बनवायच्या आधी विचारला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण सहसा गेट तयार झाल्यावर विचारतात. खूप काळजी घ्यावी लागते आणि त्यातली एक तर जिवाशी आहे.

आधी तिथे होतं काय ते सांगतो. माल पहिल्यांदा कॉस्टिकच्या गरम टाकीत टाकून तेल-ग्रीस काढतात, मग पाण्यात धुतात, मग हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवून गंज आणि मिलचा काळा पापुद्रा काढतात, परत धुतात, मग झिंक अमोनियम क्लोराइडच्या फ्लक्समध्ये, म्हणजे जस्त नीट धरावं म्हणून केलेल्या द्रावणात, बुडवून सुकवतात, आणि मग वितळलेल्या जस्ताच्या टाकीत सोडतात. जस्त ४१९ अंशाला वितळतं, टाकी ४५० च्या आसपास ठेवतात. काही मिनिटं माल आत राहिला की लोखंड आणि जस्त एकमेकात शिरतात, लोखंडाला लागून मिश्रधातूचे थर बनतात आणि सगळ्यात वर शुद्ध जस्त राहतं. आतल्या थरांपैकी काही तर खुद्द गेटच्या लोखंडापेक्षा कडक असतात. रंग वरून चिकटलेला असतो, हे तसं नाही, हे लोखंडाशी जोडलं गेलेलं असतं, म्हणून खरवडलं तरी सहज निघत नाही.

आता जिवाची गोष्ट. तुमच्या गेटची फ्रेम पाइपची किंवा चौकोनी ट्यूबची असणार आणि तुम्ही ती चारी बाजूंनी पॅक वेल्डिंग करता. अशी बंद ट्यूब ४५० अंशाच्या जस्तात गेली आणि आत ॲसिडचं किंवा धुण्याचं थोडं जरी पाणी शिरलेलं असलं तर त्याची वाफ होते, पाण्याची वाफ झाली की ते दीड हजार पटीहून जास्त फुगतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते, ट्यूब फुटते आणि वितळलेलं जस्त आजूबाजूच्या कामगारांच्या अंगावर उडतं. त्यामुळे प्रत्येक बंद ट्यूबला दोन्ही टोकांना, कोपऱ्याच्या जितकं जवळ जमेल तितकं, भोक पाडायचंच. एका भोकातून जस्त आत जाईल, दुसऱ्यातून हवा बाहेर जाईल, आणि वर काढताना जस्त निथळून पण जाईल. भोकं बाहेरून दिसणारी ठेवा म्हणजे प्लँटवाल्याला तपासता येतात, आतल्या आत सांध्यात लपवलेली भोकं त्याला दिसत नाहीत आणि शहाणा प्लँटवाला असा माल घेतही नाही. एकावर एक प्लेट ठेवून चारी बाजूंनी वेल्ड केली असेल तिथेही भोक लागतं.

बाकीचं आता पटकन. प्लँटच्या टाकीची लांबी-रुंदी आधी फोन करून विचारून घ्या, गेट टाकीत मावलं नाही तर दोनदा उलटंपालटं बुडवावं लागतं. बिजागरी, कडी, बोल्ट असं जे हलतं ते वेगळं काढून द्या नाहीतर जस्ताने जाम होऊन बसेल, आणि खिळीच्या भोकात जस्ताच्या थरापुरती ढील ठेवा. वेल्डिंगचा स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमलेली खपली, ठोकून पूर्ण काढा, ऑइल पेंटने किंवा मार्करने केलेल्या खुणा पुसा, ॲसिडला स्लॅग आणि रंग दोन्ही निघत नाहीत आणि बरोबर तिथेच जस्त धरत नाही, काळा डाग राहतो. पातळ पत्रा जाड अँगलला वेल्ड केलेला असेल तर एवढ्या उष्णतेत तो वाकडा होऊ शकतो हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

माल घ्यायला जाल तेव्हा चमक बघून खूश होऊ नका आणि काळपट राखाडी दिसला म्हणून नाराजही होऊ नका. लोखंडात सिलिकॉन ठराविक प्रमाणात असलं की थर जाड आणि मळकट राखाडी येतो, संरक्षण त्याचं कमी नसतं. थर मोजायचं छोटं मशीन असतं ते लावून दाखवायला सांगा. आपल्या आयएस ४७५९ या भारतीय मानकात ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड मालाला चौरस मीटरला ६१० ग्रॅम सांगितलंय, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉन. वरच्या १२० जीएसएमच्या पत्र्याचे ८ मायक्रॉन आठवा. प्लँटवाले किलोवर भाव लावतात, रेड ऑक्साइडपेक्षा पहिला खर्च जास्त येतो हे खरं, पण दर दोन-तीन वर्षांनी घासून रंग मारायची मजुरी गिऱ्हाइकाला जोडून दाखवा, तो स्वतःच ठरवेल.

प्रश्न : सर, जस्ताच्या पत्र्यावर खिळ्याने ओरखडा काढला, आतलं लोखंड उघडं पडलं तरी तिथे बरेच दिवस गंज येत नाही. रंगावर ओरखडा काढला की लगेच येतो. असं का? आणि हा शोध कोणी लावला? — बारावी सायन्सचा विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : बेटा, बघून विचारलंस हे फार छान केलंस. तुझ्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात इलेक्ट्रोड पोटेन्शियलचा तक्ता असेल त्यात बघ, जस्त उणे ०.७६ व्होल्ट आणि लोखंड उणे ०.४४. दोन्ही धातू एकमेकाला टेकलेले असले आणि वर ओलावा आला की बारीकसा सेल तयार होतो, त्यात जस्त ॲनोड होतं आणि तेच विरघळत जातं, इलेक्ट्रॉन लोखंडाला मिळत राहतात म्हणून लोखंड शाबूत राहतं. जस्त घराच्या मोठ्या भावासारखं आहे, अंगावर सगळं घेतं आणि धाकट्याला झळ लागू देत नाही. पण त्याची पोच फार लांबची नसते, बारीक ओरखडा, कापलेली कड, ड्रिलचं भोक इथपर्यंत चालतं, तळहाताएवढी जागा उघडी पडली तर मधोमध गंज येणारच. रंग फक्त झाकतो, तो फाटला की खाली काही नाही, उलट पाणी रंगाखाली शिरून गंज पसरत जातो.

शोधाचं म्हणशील तर मालुइन नावाच्या फ्रेंच माणसाने १७४२ मध्ये लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायची रीत पॅरिसच्या अकादमीपुढे मांडली, आणि सोरेल या फ्रेंच इंजिनिअरने १८३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण मला तुला त्याच्या आधीचं सांगायचंय. जस्त मिळवणं मुळात अवघड, कारण खनिज तापवून धातू सुटेपर्यंत तो वायू झालेला असतो, जस्त ९०७ अंशाला उकळतं, आणि हवा लागली की तो वायू जळून पांढरी राख होते. उदयपूरजवळ जावरला आपल्या लोकांनी यावर तोड काढली, मातीची वांग्याच्या आकाराची भांडी करायची, त्यात खनिज भरायचं, नळी लावून उलटी मांडायची, वरून भट्टी आणि खाली थंड भांडं, म्हणजे वाफ हवेला न भेटता खाली उतरून गोठते. एका भट्टीत अशी ३६ भांडी असायची. हे सातएकशे वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर चालू होतं आणि इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला विल्यम चँपियन नावाच्या माणसाने अशाच उलट्या ऊर्ध्वपातनाचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. जुन्या रसशास्त्राच्या ग्रंथांत त्या भांड्याला वांग्याचंच नाव आहे, आपल्या भरताच्या मुलखातल्या मुलाला हे माहीत असायला पाहिजे. जावरला त्या रिकाम्या भांड्यांचे ढीगच्या ढीग अजून आहेत, उदयपूरला कधी गेलास तर बघून ये.

प्रश्न : मोसंबीच्या खोडाला लावायला बोर्डो पेस्ट करतो. जीआयच्या बादलीत मोरचूद भिजवलं तर बादलीला आतून तांबूस थर आला आणि नंतर बादली गळायला लागली. — एक बागायतदार, भडगाव तालुका

उत्तर : दादा, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यात जस्त विरघळतं आणि तांबं बाहेर येऊन बादलीला बसतं, तोच तुमचा तांबूस थर. जस्त संपलं की लोखंडाचंही तेच होतं. तोटा दोन्हीकडून आहे, बादली तर जातेच पण तुमच्या पेस्टमधलं तांबंही कमी होतं, म्हणजे बुरशीला मारायचं औषधच बादलीला लागून राहिलं. मोरचूद कायम प्लास्टिकच्या नाहीतर मातीच्या भांड्यात भिजवा, पंपाची टाकीही प्लास्टिकची असू द्या, आणि लोखंडी सळईने ढवळू नका, लाकडी काठी घ्या.

गंमत बघा, लॅबमध्ये जीआय तारेवर जस्त सगळीकडे सारखं बसलंय की नाही ते याच मोरचुदाने तपासतात. तार त्या द्रावणात एकेक मिनिट बुडवायची, काढायची, धुवून पुसायची, परत बुडवायची. जस्त संपून लोखंड उघडं पडलं की तांब्याचा लाल थर घट्ट बसतो, पुसला तरी जात नाही. किती बुडीनंतर हे झालं त्यावरून तार पास की नापास. कंपाउंडची काटेरी तार किंवा जाळी बरीच घेणार असाल तर व्यापाऱ्याकडे असा टेस्ट रिपोर्ट मागायला लाजू नका.

प्रश्न : जीआय पाइप वेल्डिंग केल्यावर त्या दिवशी रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला गोडसर चव येते, सकाळी बरं वाटतं. आमचे जुने मिस्त्री म्हणतात गूळ खा, दूध पी, काही होत नाही. — वेल्डर, नंदुरबार

उत्तर : भाऊ, हा जस्ताच्या धुराचा ताप आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताची वाफ होते, हवेत तिचं झिंक ऑक्साइड होतं, तोच तो पांढरा धूर, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, खोकला सुरू होतो. बहुतेकांना एक-दोन दिवसात उतरतो म्हणून लोक त्याला काही समजत नाहीत. मिस्त्रींचा मान राखून सांगतो, गुळाने दुधाने धूर अडत नाही. धूर छातीत जातो आणि गूळ पोटात.

वेल्ड करायच्या जागेवरचं जस्त दोन्ही बाजूंनी दोनेक इंच ग्राइंडरने काढून टाका, तेही मास्क लावूनच. काम मोकळ्यावर करा, वारा पाठीकडून न येता बाजूने येईल असं उभे राहा म्हणजे धूर तोंडापुढे घोटाळत नाही, डोकं धुराच्या वर वाकवू नका. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, वेल्डिंगच्या धुरासाठीचा फिल्टरवाला मास्क मिळतो तो घ्या. टाकीत, विहिरीत, बंद खोलीत जीआय वेल्ड करायचं तर धूर ओढून घेणारा पंखा लावल्याशिवाय नाहीच. दम लागला, छाती भरून आली किंवा ताप दोन दिवसांच्या वर गेला तर दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना "जीआय वेल्ड केलं होतं" हे आवर्जून सांगा. भंगारातला प्लेटिंग केलेला पार्ट वेल्ड करत असाल तर आणखी सांभाळा, काही पार्टवर कॅडमियमचं प्लेटिंग असतं, दिसायला जस्तासारखंच, पण त्याचा धूर माणसाचा जीव घेतो.

वेल्ड झालं की उघड्या जागेवर झिंक रिच पेंट मारा, ते पुढच्या उत्तरात येतंच आहे.

प्रश्न : सोलर पंपाचं स्ट्रक्चर बसवताना मुलांनी जागेवर भोकं पाडली, एक पाय कापला, आणि वरून सिल्व्हर पेंट मारून गेले. दिसायला एकसारखं दिसतं. चालेल का? — साक्री तालुका

उत्तर : नाही चालणार. साधा सिल्व्हर पेंट हा ॲल्युमिनियमच्या भुकटीचा असतो, तो झाकण्यापुरता. तिथे झिंक रिच पेंट पाहिजे, ज्यात सुकल्यावर जवळजवळ सगळं जस्तच उरतं, नव्वद टक्क्यांच्या वरचा बघून घ्या, डब्यावर लिहिलेलं असतं. कण एकमेकाला आणि लोखंडाला टेकलेले असतात म्हणून ते जस्तासारखं काम करतं. सिल्व्हर पेंट घासून काढा, लोखंड स्वच्छ चकाकेपर्यंत घासा, मग दोन-तीन हात मारा. नट-बोल्ट पण बघा, चकचकीत निळसर किंवा पिवळसर झाक असलेले बोल्ट बहुतेक प्लेटिंगचे असतात, त्यावर जस्त फार पातळ. उघड्यावरच्या स्ट्रक्चरला हॉट डिपचेच बोल्ट लागतात, ते जरा खरबरीत आणि मळकट दिसतात. आणि कापलेला पाय काँक्रीटमध्ये जिथे शिरतो तिथे पाणी साचू देऊ नका, काँक्रीटला बाहेरच्या बाजूने उतार काढून घ्या.

प्रश्न : गणपतीत घेतलेले नवे पत्रे गठ्ठ्यानेच अंगणात ठेवले होते, दिवाळीत उघडले तर पांढरी पावडर. खराब माल दिला का? — शहादा

उत्तर : माल नाही, ठेवण खराब झाली. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं, हवा मिळाली नाही, त्यामुळे तो राखाडी पापुद्रा बनायच्या ऐवजी जस्ताचा पांढरा गंज झाला. कडक नायलॉन ब्रशने घासून, धुवून, पूर्ण सुकवा. खाली राखाडी जस्त दिसलं तर वापरा, काळे-लाल ठिपके दिसले तर तेवढे पत्रे घरावर टाकू नका. इथून पुढे पत्रे छपराखाली, खाली लाकडं घालून, एका बाजूला उतार देऊन, मध्ये पट्ट्या घालून ठेवा.

प्रश्न : लग्नात मठ्ठा आणि चिंचेचं सार जीआयच्या टाकीत करून ठेवतात. सासूबाई म्हणतात पूर्वीपासून करतात. — एक ताई, धुळे

उत्तर : ताई, कृपा करून करू नका आणि करू देऊ नका. ताक, चिंच, लिंबू, टोमॅटो, लोणचं, आंबट काहीही जस्ताला खातं आणि ते जस्त पदार्थात उतरतं. असं ताक पिऊन थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, पोटात मुरडा येतो, आणि पंगतीत एकाला झालं की सगळ्यांना होतं. थंड पाणी भरायला जीआयची बादली-टाकी चालते, धान्याला पत्र्याची कोठी उत्तम. आंबटाला स्टेनलेस स्टील नाहीतर कल्हई केलेलं भांडं. सासूबाईंना समजवायचं असेल तर टाकीच्या आतून ताकाची पातळी जिथपर्यंत होती तिथे हात फिरवून दाखवा, वरचं गुळगुळीत आणि खालचं खरबरीत लागेल. ते जेवढं गेलं ते पाहुण्यांच्या पोटात गेलं.

प्रश्न : नव्या जीआय शटरला ऑइल पेंट दिला, सहा महिन्यात पापडासारखा सोलून निघाला. — चोपडा

उत्तर : ऑइल पेंटमधलं तेल आणि जस्त यांची मधल्या मध्ये साबणासारखी चिकटी बनते आणि रंग सुटतो. सगळा सुटा रंग काढा, थिनरने पुसा, जीआयसाठीचा एच प्रायमर मारा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच त्यावर इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्या. रेड ऑक्साइड यात कुठेही नको.